विराटला उभं राहायला धक्का हवा: प्रकल्प नोंदी

12 मार्च 2017

सोमवारी, 6 तारखेला, सूर्यास्ताच्या वेळी विराट या विमानवाहू नौकेवरचा झेंडा उतरला, ती निवृत्त झाली. 12 मे 1987 ला ती आपल्या नौदलात आली. त्याआधी 1959 पासून ती ब्रिटनच्या ताफ्यात 'हर्मीस' या नावानं होती आणि 1982 च्या फॉकलंड युद्धात त्यांची ध्वजनौका होती. एवढं आयुष्य असलेली विमानवाहू नौका जगात दुसरी नाही.

विराट भंगारात न जाता तिचं संग्रहालय व्हावं म्हणून जमलेल्या आमच्या गटाची आज पहिली बैठक झाली. तीत कामं वाटून घेतली. चीफसाहेब नौदलात इंजिनरूमला होते, ते जहाजाची तांत्रिक माहिती गोळा करणार. वकीलताई पत्रव्यवहार बघणार. शाळांशी बोलायचं काम इतिहासाच्या सरांकडे. माझी नोकरी बंदरांच्या बांधकामात गेली, म्हणून जागा शोधायचं काम माझ्याकडे.

सह्यांची मोहीम लगेच सुरू करावी असा सगळ्यांचा सूर होता. मी एवढंच म्हटलं की सह्या गोळा होतील, लोकांचं प्रेम आहेच, पण मंत्रालयात पहिला प्रश्न येईल तो "कुठे ठेवणार?" हाच. त्याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून देता आलं पाहिजे.

19 मार्च 2017

विराटच्या आधीची विमानवाहू नौका विक्रांत, तिची सगळी कात्रणं पुन्हा लावून वाचली. वाचताना त्रास होतो, पण आमच्यासाठी पाठ्यपुस्तक तेच आहे.

1971 च्या युद्धात बॉयलरला तडा गेलेला असतानाही ती बंगालच्या उपसागरात उतरली. तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाझारवर हल्ले केले. 31 जानेवारी 1997 ला ती निवृत्त झाली. नौदलानं स्वतः तिचं संग्रहालय केलं, लोकही येत होते. मात्र ती होती गोदीतच, पाहुणी म्हणून. 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती लोकांसाठी बंद झाली. जानेवारी 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिला वाचवण्यासाठीची याचिका फेटाळली. भंगाराचा सौदा 60 कोटींच्या घरात झाला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातलाही मार्ग संपला आणि नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात तिथे, तोडणी सुरू झाली.

1997 ते 2014. सतरा वर्षांत तिला स्वतःचा धक्का मिळाला नाही. पैशांवर चर्चा झाल्या, घोषणा झाल्या, मात्र एक जागा ठरवून तिथे खांब रोवले गेले नाहीत. आणि जहाज पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी झिजतच असतं.

9 एप्रिल 2017

चीफसाहेबांकडून आकडे आले. लांबी 226.5 मीटर. पूर्ण भारासह 28,700 टन आणि तेव्हा पाण्याखाली सुमारे 8.8 मीटर. गेल्या वर्षी कोचीला सुक्या गोदीत (पाणी उपसून जहाजाचा तळ उघडा करतात ती गोदी) घेऊन बॉयलर, इंजिनं, जहाज ढकलणारे पंखे, सुकाणू काढून घेतले आणि मग टगनं ओढत मुंबईला आणलं. म्हणजे ती आता स्वतःच्या बळावर हलू शकत नाही. ओझं उतरल्यामुळे ती पाण्यात थोडी वर उचललेली आहे. मला याचा उपयोग आहे, कारण दीड-दोन मीटर कमी खोलीची जागाही विचारात घेता येईल. तोटाही आहे: जितकी वर, तितका वारा जास्त धरणार.

कोचीला तळ घासून रंगवून, भोकं बंद करून घेतलेला आहे. ही फार मोठी जमेची बाजू. आता घेतली तर चांगल्या तळाचं जहाज हाती येईल. दर पावसाळ्यागणिक ही जमा कमी होत जाणार.

आंध्रनं विशाखापट्टणमसाठी उत्सुकता दाखवली होती, खर्चाचा वाटा कोणी किती उचलायचा यावर ते अडलं. तिथल्या रामकृष्ण बीचवर 'कुरसुरा' पाणबुडी 2002 पासून उभी आहे, त्यामुळे असं काम कसं करायचं हे त्या शहराला माहीत आहे. पण 91 मीटरची पाणबुडी वाळूवर ओढून घेता येते. 226 मीटरचं जहाज कुठल्या वाळूवर चढवणार?

18 जून 2017

पाऊस लागलाय. घरात बसून वाऱ्याचं गणित केलं.

बाजूनं पाहिलं तर पाण्यावरचं विराटचं क्षेत्रफळ, माझ्या ढोबळ हिशेबानं, 3800 चौरस मीटर धरतो. ताशी 100 किलोमीटरचा वारा बरोबर आडवा आला तर तिच्यावर सुमारे 180 टनांचा जोर येतो. तोच वारा दीडशेचा झाला की जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो: चारशे टनांच्या वर. लाटा आणि प्रवाह यात धरलेलेच नाहीत.

म्हणून दोर आणि नांगर यांवर भिस्त ठेवून चालणार नाही. समुद्राच्या तळात खोल गेलेले जाड खांब हवेत, आणि जहाज त्यांना धरून भरती-ओहोटीबरोबर वर-खाली सरकायला हवं. लंडनमध्ये थेम्सवर 'बेलफास्ट' क्रूझर 1971 पासून अशीच उभी आहे. तिथे नदीची पातळी भरती-ओहोटीत अनेक मीटर बदलते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. म्हणजे येण्या-जाण्याचा पूलही दोन्ही टोकांना बिजागऱ्या असलेला हवा, नाहीतर ओहोटीला शाळेची पोरं जहाजावर चढणार कशी? हे बारीकसारीक वाटतं, पण व्हीलचेअर त्या उतारावरून जाईल की नाही यावर पुलाची लांबी ठरते, आणि पुलाच्या लांबीवर खर्च.

26 नोव्हेंबर 2017

गाळाचा अभ्यास. न्यूयॉर्कची 'इंट्रेपिड' विमानवाहू नौका 1982 पासून हडसन नदीत संग्रहालय आहे. 2006 मध्ये दुरुस्तीसाठी हलवायला गेले तेव्हा ती निघेचना. चोवीस वर्षांत गाळ साचून पंखे त्यात रुतले होते. महिनाभर उपसा केल्यावर डिसेंबरात सुटली.

विराटला पंखे नाहीत, ही अडचण आपल्याला नाही. पण मुंबई बंदरात गाळ एवढा भरतो की सतत उपसावा लागतो. जहाज एका जागी उभं राहिलं की त्याच्या आडोशाला तो आणखी बसतो. तेव्हा वार्षिक खर्चात गाळ उपसण्याची ओळ पहिल्या वर्षापासून हवी. चीफसाहेबांचं म्हणणं वेगळं: गाळात बसू द्यावं, निदान हलणार नाही. जपानची 'मिकासा' त्यांनी दाखवली, 1905 ची ॲडमिरल तोगोंची ध्वजनौका, योकोसुकाला किनाऱ्यात काँक्रीटमध्ये कायमची बसवलेली. तिला सुकी गोदी लागत नाही, वादळाची भीती नाही.

मला हे पटू लागलंय. तरंगणारं जहाज दर काही वर्षांनी सुक्या गोदीत न्यावं लागतं, आणि एवढ्या लांबीची गोदी या देशात मोजक्याच ठिकाणी. एकदा बसवलं की हा खर्च कायमचा वाचतो. आराखड्यात दोन पर्याय ठेवायचे ठरलं: खांबांना धरून तरंगती, आणि उकरलेल्या खोबणीत बसवलेली.

2 नोव्हेंबर 2018

काल राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली! सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ विराटचं संग्रहालय आणि सागरी साहस केंद्र. 852 कोटींचा प्रकल्प, खासगी भागीदारीतून. सकाळपासून फोन थांबलेला नाही. सर म्हणाले, शाळेच्या फळ्यावर बातमी लिहून आलो.

आनंद खराच आहे. शिवरायांनी सिंधुदुर्ग बांधला त्या किनाऱ्यावर विराट, याहून योग्य जागा मनात येत नाही. तिचं ब्रीदवाक्य 'जलमेव यस्य, बलमेव तस्य'. समुद्र ज्याचा, बळ त्याचं. मालवणच्या पाण्यात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पण बातम्यांत ठिकाण किनाऱ्यापासून सात सागरी मैलांवर दिलंय, म्हणजे जवळपास 13 किलोमीटर उघड्या समुद्रात, काँक्रीटच्या पायावर. रात्री नकाशा काढून बसलो. तिथे नैऋत्येकडून येणाऱ्या लाटेला अडवायला काहीही नाही.

16 डिसेंबर 2018

निवती, भोगवे, वेंगुर्ला असा फेरा. समुद्र शांत होता. एका होडीवाल्या दादांबरोबर खडकांपर्यंत गेलो. वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाच्या बाजूला पाणी इतकं स्वच्छ की शिसाच्या वजनाची दोरी बरीच खोल जाईपर्यंत दिसत होती. तळाला वजन टेकलं की हाताला कळतं: वाळूवर नुसतं बसतं, खडकावर ठण्णकन लागून सरकतं. थोड्या थोड्या अंतरावर दोन्ही प्रकार लागले. वजनाच्या बुडाला चरबी लावली होती, तिला कधी भरड वाळू चिकटून आली, कधी शंखांचा चुरा, कधी काहीच नाही. असा मिश्र तळ पायाच्या कामाला अवघड. अर्ध्या पायाखाली खडक आणि अर्ध्याखाली वाळू असली की एक बाजू खचते आणि जहाजाचा कणा वाकतो.

दादांना मी विचारलं, जुलैत इथे काय असतं? ते हसले नाहीत. म्हणाले, "जुलैत हय कोण येणा नाय. येवचाच नाय." पावसाळ्यात मालवणची किल्ल्याची होडीसुद्धा बंद असते, तर 13 किलोमीटर आत पर्यटक कसे नेणार? वर्षाचे निदान तीन-साडेतीन महिने प्रकल्प बंद धरावा लागेल आणि उत्पन्नाचा हिशेब तसा मांडावा लागेल.

दादांनी निघताना विचारलं तेच सगळ्यात महत्त्वाचं: "जहाज येवंदे, पण आमी जाळी खंय मारूची ता आदी सांगा." त्यांचा हक्काचा प्रश्न आहे. मच्छीमार सोसायट्यांशी बोलण्याआधी एकही खांब रोवता कामा नये. अहवालात हे पहिल्या पानावर घेतलं.

माझी शिफारस: किनाऱ्याला लागून, आडोशाची, खाडीच्या तोंडाजवळची किंवा जुन्या बंदराची जागा. रुबाब थोडा कमी, पण बारा महिने उघडी राहील. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांखालची, परवानगी दोन्हीकडे लागणारच.

28 जुलै 2019

संसदेत लेखी उत्तर आलं: स्वतःच्या पायावर उभा राहील असा, आर्थिकदृष्ट्या परिपूर्ण प्रस्ताव कोणत्याही राज्याकडून न आल्यानं आणि सुरक्षेचा विचार करून, नौदलाशी सल्लामसलत करून विराट भंगारात काढण्याचा निर्णय.

वकीलताईंनी ते उत्तर मोठ्यानं वाचलं. कुणी काही बोललं नाही. मग चीफसाहेब म्हणाले, नौदलाला दोष देऊ नका. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. निवृत्त जहाज गोदीत चालत्या जहाजांची जागा अडवतं, त्याला पहारा, वीज, पाणी सगळं लागतं. नौदलाचं काम लढणारी जहाजं तयार ठेवण्याचं. संग्रहालय चालवणं समाजाचं काम, आणि समाजानं जागा द्यायची असते.

29 सप्टेंबर 2019

काल मुंबईच्या नौदल गोदीत विमानवाहू नौकांसाठी नवी सुकी गोदी सुरू झाली, 281 मीटरची. विराट तिच्यात आरामात मावली असती. आमच्या आराखड्यात तळाच्या दुरुस्तीसाठी कोचीचा प्रवास धरला होता, तो पर्याय म्हणून मुंबईही लिहिली. अर्थात गोदी नौदलाची, त्यांची जहाजं आधी.

7 जून 2020

निसर्ग वादळ 3 तारखेला श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागांची छायाचित्रं बघवत नाहीत, पिढ्यांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या. तिकडची माणसं सावरेपर्यंत जहाजाचं काही बोलायचं नाही असं ठरवलं. गटातून जी मदत गोळा झाली ती दिवेआगरला पाठवली.

वाऱ्याच्या नोंदी मात्र काढून ठेवल्या. आता कोणी "कोकणात कुठं वादळं येतात" म्हटलं तर 2009 चं फयान आणि हे निसर्ग, दोन्ही समोर ठेवायची.

2 ऑगस्ट 2020

लिलाव झाला. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर जहाजं तोडणाऱ्या एका कंपनीनं 38.54 कोटींना घेतली.

लॉकडाऊनमुळे भेटता येत नाही, फोनवरच बोललो. सर बराच वेळ गप्प होते. त्यांनी विद्यार्थ्यांकडून विराटवर निबंध लिहून घेतले होते, ते गठ्ठे त्यांच्या घरी तसेच आहेत.

19 सप्टेंबर 2020

आज ती निघाली. टगच्या दोरावर, गेटवेसमोरून. निवृत्त नौसैनिक निरोपाला आले होते. चीफसाहेब पांढऱ्या गणवेशात, छातीवर पदकं, मास्कवरचे डोळे लाल. 5 लाख 88 हजार सागरी मैल चाललेलं जहाज. ताशी किती वेगानं नेतायत ते त्यांनी मला विचारलं. पाच-सहा नॉट असेल म्हटलं. "तिला सावकाश नेतायत ते बरं," म्हणाले.

4 ऑक्टोबर 2020

गेल्या महिन्याच्या 28 तारखेला तिला अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो, म्हणून तर तो किनारा या धंद्याला सापडला. उधाणाच्या भरतीला जहाज जितकं वर येईल तितकं आणायचं, ओहोटीला ते कोरड्यावर. विराटएवढं जहाज एका उधाणात पूर्ण वर येत नाही, पुढच्या उधाणांची वाट बघत टप्प्याटप्प्यानं ओढावं लागतं.

एका मुंबईच्या कंपनीनं विराट विकत घेऊन गोव्यात संग्रहालय करायची तयारी दाखवली आहे. मालक 100 कोटींना द्यायला तयार असल्याच्या बातम्या आहेत. संरक्षण मंत्रालयाचं ना हरकत पत्र हवं. वकीलताई म्हणतात कायद्यानं दार बंद झालेलं नाही. माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय: किनाऱ्यावर घासत चढवलेलं जहाज परत पाण्यात उतरवता येतं का? तळाचे पत्रे शाबूत असतील, मोठं उधाण असेल, ताकदीचे टग असतील तर येतं. पण तळाला कापणी लागली की नाही. म्हणजे मुदत दिवसांत मोजायची.

14 फेब्रुवारी 2021

10 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं जैसे थे ठेवायचा आदेश दिला. मंत्रालयानं ना हरकत आधीच नाकारलेली. तरी गटात पुन्हा जीव आला. मी रात्री बसून तरंगवण्याची यादी केली: तळाच्या जाडीची तपासणी, बंद करायची भोकं, पंप, हवेनं फुगवायचे पिंप, भरतीचं वेळापत्रक. ती वकीलताईंकडे दिली, कुणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून.

अलंगहून आलेली छायाचित्रं मोठी करून पाहतोय. विराटच्या नाकावर विमानं उडवायचा चढता उतार होता, स्की जंप. त्या बाजूचे पत्रे गेलेले दिसतात. आतले मजले उघडे पडलेत, एकावर एक, आणि एका मजल्यावर भिंतीचा फिकट हिरवा रंग अजून दिसतो.

12 एप्रिल 2021

सर्वोच्च न्यायालयानं याचिका फेटाळली. सुमारे 40 टक्के जहाज तोडून झालंय, आता उशीर झाला आहे.

न्यायालयाचं चूक म्हणता येत नाही. चाळीस टक्के कापलेलं जहाज तरंगत नाही. न्यायालय जहाज जोडू शकत नाही.

चीफसाहेबांना फोन केला. म्हणाले, फाईल जाळू नकोस. मी म्हटलं, जाळायची कशी, अजून तिच्यात कोकणच्या किनाऱ्याची मोजणी आहे.

6 फेब्रुवारी 2022

आज बऱ्याच दिवसांनी सगळे जमलो, आणि कारण चांगलं होतं. 'खुकरी' दीवला मिळाली.

पहिली खुकरी 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीच्या पाणतीरानं बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. तिच्या नावाची दुसरी खुकरी 23 डिसेंबर 2021 ला निवृत्त झाली आणि 26 जानेवारीला दीव प्रशासनाच्या हवाली. पाच आठवड्यांत! जहाज कुणाला द्यायचं, कुठे ठेवायचं, तिथे तिची गोष्ट काय, हे सगळं झेंडा उतरायच्या आधी ठरलेलं होतं.

चीफसाहेब म्हणाले की ती 91 मीटरची आहे, विराटशी तुलना करू नका. खरं आहे. तरी मला लांबीपेक्षा ते पाच आठवडे महत्त्वाचे वाटतात. विराट तीन वर्षांहून अधिक काळ गोदीत उभी राहिली. त्या काळात तळ झिजला, खर्च वाढला, आणि शेवटी तिला कुठेतरी न्यायचंच होतं. जिथे जागा तयार होती तिथे, म्हणजे अलंगला, ती गेली.

9 मार्च 2025

'गुलदार' महाराष्ट्र पर्यटन महामंडळाकडे आली. 12 जानेवारी 2024 ला निवृत्त झालेलं रणगाडे उतरवायचं जहाज, साधारण 84 मीटर. निवतीजवळ समुद्रात बुडवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करायचा प्रकल्प आहे. केंद्राकडून 46.91 कोटी. त्याच निवतीला, जिथे विराट जायची होती.

जहाज बुडवून जपणं याबद्दल गटात दोन मतं आहेत. सरांना ते सोसत नाही. मला वाटतं, मासे येतील, पाणबुडे येतील, मच्छीमारांना विचारून केलं तर वाईट नाही. पण जहाजाच्या डेकवर उभं राहून मुलानं खालच्या इंजिनरूमचा दरवाजा उघडावा, ते यात नाही. दोन्ही प्रकारची जहाजं हवीत.

म्हणून आमचं काम आता असं ठरलंय. विराटच्या वेळची मोजणी काढून प्रत्येक जागेपुढे लिहायचं: किती लांबीपर्यंतचं जहाज, पाण्यात किती खोल, गाळ किती, आडोसा कुठल्या वाऱ्याला, मच्छीमार सोसायटीचं म्हणणं काय, वर्षातले किती महिने उघडं राहील. रत्नागिरी आणि विजयदुर्गच्या बाजूच्या तीन जागा पहिल्या घेतल्यात. तिन्ही ठिकाणी 100 मीटरच्या आतलं जहाज सहज बसतं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं असलेल्या जहाजांसाठी हा तक्ता आताच द्यायचा, झेंडा उतरल्यावर नाही. सर सोसायट्यांची बैठक लावतायत. मी विजयदुर्गच्या खाडीची खोली पुन्हा मोजायला जाणार, गेल्या मोजणीनंतर तिथे गाळ किती भरला ते बघायचंय. उधाणाच्या आधी गेलं पाहिजे, तेव्हा पुढचा आठवडाच.